औषध पेशींत शिरतें कसें?

गेल्या पावसाळ्यांत विज्ञानाच्या तासास आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, करोनाची आर.एन.ए. लस जर आपल्या पुण्यांत तयार झाली, तर तेंच आर.एन.ए. माझ्या आजीच्या गांठींत कां सोडीत नाहींत?" त्याच्या आजीवर कर्करोगाचे उपचार चालू होते हें आम्हांस ठाऊक होतें, म्हणून घाईनें उत्तर देण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. पुढें दोन तास त्या एकाच प्रश्नास लागले. तेथें झालेलें विवेचन इतर विद्यार्थ्यांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून तें येथें देत आहों.

प्रथम आर.एन.ए. म्हणजे काय तें पाहूं. पेशीच्या केंद्रांत डी.एन.ए. ही मूळ वही असते. ती बाहेर जात नाहीं. तिच्यांतील हव्या त्या पानाची नक्कल होऊन ती पेशीच्या कारखान्यांत जाते व तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होतें. ही नक्कल म्हणजेच संदेशवाहक आर.एन.ए. तेव्हां औषध म्हणून दोन गोष्टी करितां येतील: नवी नक्कल आंत धाडावी, किंवा अपायकारक नक्कल फाडून टाकावी. दुसऱ्या कामाची युक्ति अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनीं १९९८ सालीं एका सूक्ष्म कृमीवरील प्रयोगांत दाखविली. दुपदरी आर.एन.ए. पेशींत गेलें कीं त्याच्याशीं जुळणारी नक्कल नष्ट होते. या शोधास २००६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कर्कपेशी ज्या प्रथिनाच्या बळावर अनिर्बंध वाढते, त्याचीच नक्कल फाडली तर तिची वाढ खुंटावी, हा तर्क सरळ आहे. अडचण आहे ती वाटेची.

नुसतें आर.एन.ए. रक्तांत सोडलें तर तेथील विकरें तें थोड्याच मिनिटांत तोडून टाकितात, व लहान तुकडे मूत्रपिंडांतून गाळले जातात. शिवाय त्यावर ऋण विद्युद्‌भार असतो आणि पेशीचें आवरण स्निग्ध; त्यामुळें तें आपण होऊन आंत शिरत नाहीं. म्हणून त्यास स्निग्ध द्रव्यांच्या कणांत गुंडाळतात. असा कण सुमारें १०० नॅनोमीटर रुंद असतो. मनुष्याच्या एका केसाच्या जाडींत असे सात-आठशें कण ओळीनें मावतील.

लाल महालाची हकीकत पुण्याच्या मुलांस सांगावयास नको. १६६३ च्या एप्रिलांत शाइस्तेखानाच्या चौक्या असतां शिवाजी महाराजांचे लोक लग्नाच्या वऱ्हाडांतून शहरांत शिरले, असें परंपरेनें सांगतात. आपला कणही असेंच सोंग घेतो. रक्तांत शिरतांच चरबी वाहून नेणारें एक प्रथिन त्याच्या अंगावर चढतें, आणि यकृताच्या पेशी त्यास घरचाच कण समजून आंत घेतात. पण शहरांत शिरणें म्हणजे महालांत शिरणें नव्हे. पेशी त्यास एका पिशवींत कोंडते. ती पिशवी हळूहळू आम्ल होऊं लागते. तेव्हां कणांतील एक विशिष्ट स्निग्ध द्रव्य, जें रक्तांत उदासीन होतें, तें धनभारित होऊन पिशवीचा पडदा फोडूं पाहतें. तरी बहुतेक आर.एन.ए. तेथेंच पचून जातें. शंभरांतून थोडकेंच निसटतें.

हें सोंग यकृताचें दार उघडतें, गांठीचें नव्हे, ही गोष्ट ध्यानांत धरावी. या जातीचें पहिलें औषध पॅटिसिरान. त्यास अमेरिकेंत २०१८ सालीं मान्यता मिळाली. तें मज्जातंतूंच्या एका आनुवंशिक रोगावर आहे, आणि त्या रोगाचें दूषित प्रथिन मुख्यतः यकृतांतच तयार होतें. गांठ स्तनांत किंवा फुप्फुसांत असेल तर काय? टोरांटो येथील संशोधकांनीं मागील दहा वर्षांचे प्राण्यांवरील प्रयोग एकत्र करून २०१६ सालीं हिशेब मांडला. टोंचलेल्या सूक्ष्मकणांपैकीं गांठींत पोंचणाऱ्यांचा मध्यक शेंकडा ०.७ निघाला. हा आंकडा फळ्यावर लिहितांना आमचाही हात थबकला.

आतां पुण्याची लस. हिंजवडीच्या जेनोवा कंपनीच्या लशीस जून २०२२ मध्यें संकटकालीन वापराची परवानगी मिळाली. ती २ ते ८ अंश तपमानांत, म्हणजे साध्या शीतकपाटांत टिकते. परदेशी लशींस कडक गोठण लागत असे, हें पाहतां ही कामगिरी लहान नव्हे. परंतु लशीचें काम निराळें आहे. दंडांतील थोड्या पेशींनीं प्रथिन तयार केलें तरी पुरे. तें पाहून शरीराचे रक्षक सावध होतात व पुढील काम तेच करितात. गांठीच्या बाबतींत थोड्या पेशी गांठून भागत नाहीं. सुटलेल्या पेशी पुन्हां वाढतात. मुलाच्या प्रश्नाचें खरें उत्तर हेंच होय.

प्रयत्न मात्र थांबलेले नाहींत. कॅलिफोर्नियांतील मार्क डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सुमारें ७० नॅनोमीटरच्या कणांवर लोह वाहणारें प्रथिन बसविलें, कारण कर्कपेशी लोहाच्या भुकेल्या असतात. त्वचेच्या कर्करोगाच्या रोग्यांत ते कण गांठीपर्यंत गेले व ठरलेली नक्कल तुटली, असें त्यांनीं २०१० सालीं दाखविलें; तथापि तें औषध बाजारांत आलें नाहीं. दुसरी वाट अशी कीं, संदेश गांठीस न देतां रक्षकांस द्यावा. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या चाचणींत स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या १६ रोग्यांस त्यांच्याच गांठीवरून बेतलेली आर.एन.ए. लस दिली, ८ जणांत रक्षक जागे झाले. अशा बातम्यांवर आमचीं वृत्तपत्रें 'रामबाण' असा मथळा देतात, तो वाचून कोणी चालू उपचार सोडूं नयेत, एवढें मात्र आम्हीं त्या मुलास बजावून सांगितलें.

त्यानें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग गांठ यकृतांतच असली तर?" प्रश्न मार्मिक होता. दोन नकला फाडणारें असें औषध यकृतांत गांठी असलेल्या ४१ रोग्यांस दिल्याचा वृत्तांत २०१३ सालीं प्रसिद्ध झाला आहे. त्यांपैकीं गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग यकृतांत पसरलेल्या एका स्त्रीच्या गांठी पूर्णपणें नाहींशा झाल्या. "एकेचाळीसांत एक," असें म्हणून त्यानें तो आंकडा वहींत उतरून घेतला, आणि त्याखालीं आपल्या आजीचें नांव लिहिलें.