भरल्या कोंबडीचा वाटा

शास्त्रपाठ : नहेम्या ८:१–१२, लूक १४:१२–१४, गलतीकरांस पत्र २:११–१४



सण जवळ आला म्हणजे आपल्या घरांतून कोंबडी भरण्याचा बेत होतो. अशा पदार्थाविषयी पाठात लिहावे हे कोणास चमत्कारिक वाटेल. परंतु यरुशलेमात एज्राने नियमशास्त्र वाचून दाखवले तेव्हा त्या दिवसाचा शेवट जेवणानेच झाला. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, सकाळपासून दोन प्रहरापर्यंत लोकांनी वचन ऐकले व ते रडू लागले. तेव्हा त्यांस सांगण्यात आले की, आज शोक करण्याचा दिवस नव्हे; घरी जाऊन चांगले जेवा, आणि ज्यांच्या घरी काही तयार नसेल त्यांस वाटे पाठवा. वाटा पाठवणे हे त्या सणाचे अंगच होते. ह्यावरून आजचा मुद्दा घ्यावा : वाटा आधी काढावा, आणि घेणाऱ्याचा मान राहील असा द्यावा.

१. एक कोंबडी, पुष्कळ पाने

सुमारे दीड किलोची कोंबडी अख्खी साफ करावी. आले, लसूण, हळद, मीठ व लिंबाचा रस आतून-बाहेरून चोळून ती तासभर झाकून ठेवावी. सारणासाठी दोन कांदे चिरून परतावे. त्यात कोंबडीची कलेजी बारीक करून शिजवावी, आणि पाव किलो उकडलेले बटाटे, वाटीभर भात, थोडे खोबरे, कोथिंबीर व घरचा मसाला मिसळावा. हे सारण व चार उकडलेली अंडी पोटात सैल भरून सुती दोऱ्याने शिवावे. उरलेले सारण बाजूस ठेवून पुढे रश्शात घालावे. जाड बुडाच्या पातेल्यात कोंबडी तेलावर सर्व बाजूंनी परतावी, दोन वाट्या पाणी घालावे, आणि झाकणावर निखारे ठेवून मंद विस्तवावर शिजू द्यावी. गावठी कोंबडीस दीड ते दोन तास लागतात. मांडीत सुरी खुपसल्यावर तांबडे पाणी निघू नये, आणि सारण मध्यापर्यंत कढत झालेले असावे.

कोंबडी रात्री भरून सकाळी शिजवू नये. सारण आतल्या आत नासते. कच्चे मांस हाताळल्यावर हात व विळी धुवावी. शेजारी द्यायचे ते गरम असतानाच द्यावे. दोन तासांहून अधिक उघड्यावर राहिलेले अन्न दुसऱ्याच्या घरी धाडणे ही प्रीती नव्हे.

नुसती कोंबडी चार-पाच पानांस पुरते. सारणाने व रश्शाने तीच आठ-दहा पानांस पुरते. आमच्याजवळ थोडेच आहे, असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

२. वाटा कोणाच्या घरी जावा

परतफेड करू शकणाऱ्यांसच जेवावयास बोलावू नये, असे प्रभूने आपल्या यजमानास सांगितले. आपली रीत मात्र पुष्कळदा उलट असते. ज्यांच्या घरून गेल्या सणास भांडे आले त्यांच्याकडे आपले भांडे जाते, आणि ज्या विधवेच्या घरून काहीच येणार नाही तिची आठवण पातेले रिकामे झाल्यावर होते. म्हणून झाकण उघडताच, मुलांस वाढण्यापूर्वी, तिचा वाटा काढावा. त्यात मांसही असावे; नुसता रस्सा व पाठीची हाडे पाठवल्यास घेणाऱ्यास आपली पायरी तेव्हाच कळते.

३. शेजाऱ्याची विवेकबुद्धी

गावात माळकरी आहेत. ते मांसास शिवत नाहीत. त्यांच्या दारी हे भांडे नेऊन त्यांस संकोचात पाडू नये. आपल्या खाण्याने भावाला अडखळण होत असेल तर मांस कधीही खाणार नाही, असा पौलाचा निश्चय होता (१ करिंथ ८:१३). अशा घरी नारळ, गूळ, तांदूळ असा कोरडा शिधा प्रेमाने द्यावा. मुसलमान शेजाऱ्यास वाटा द्यायचा असेल तर कोंबडी मुलाण्याकडून कापून घ्यावी व तसे त्यास सांगावे. ह्यात आपला विश्वास उणा होत नाही.

४. आपल्याच मंडळीतील ताट

आता अवघड गोष्टीकडे येऊ. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. परंतु यरुशलेमाकडून काही माणसे येताच तो भिऊन मागे सरला, आणि पौलाने त्यास सर्वांसमक्ष दोष दिला. जेवणाच्या पंगतीत सुवार्तेचे सत्य मोडले जाऊ शकते, असे पौलाने मानले. आपल्यातही एका बाप्तिस्म्याची व एका प्याल्याची माणसे आहेत, तरी महार-मांग हा जुना भेद मनात धरून एकमेकांच्या चुलीवरचे खात नाहीत, असे कोठे कोठे आढळते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला व लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या वर्षांत अन्नपाण्याचा विटाळ सोडणे त्यांस किती जड गेले हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांनी तो सोडला. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. विहिरीवर कोणी अडवल्यास कायदा त्यास शिक्षा करील. परंतु भावाच्या घरी पाट मांडून बसावे, हे कायदा करवू शकत नाही. ते ख्रिस्ताच्या प्रीतीनेच होते.

म्हणून ह्या सणास वाटा पाठवून थांबू नये. ज्या घरी आपण आजवर जेवलो नाही, त्या घरचाही वाटा मागून घ्यावा व मुलांदेखत खावा. देणारा सदा उंच राहतो; घेण्यानेच दोघे बरोबरीस येतात.

उपदेशकांनी मंडळीस विचारावयाचे प्रश्न

१. नहेम्याच्या काळी वाटे कोणास पाठवावयाचे होते?
२. आपल्या वस्तीत चूल न पेटणारे घर कोणते, आणि त्याची काळजी कोण घेईल?
३. पेत्र कशाला भ्याला? आपण कोणास भितो?
४. मंडळीतील कोणत्या घरी आपण अद्याप जेवलो नाही?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर सभेत मोठ्याने घेऊ नये. प्रत्येकाने ते प्रार्थनेत प्रभूस सांगावे, आणि सणाच्या दिवशी त्या दारी जाऊन पुरे करावे.