शाक्यकन्यांची वाट

एखादी परंपरा खंडित झाली, तर ती पुन्हा सुरू करण्याचा अधिकार कोणाला? बौद्ध स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय चळवळीपुढे हाच प्रश्न उभा राहिला.

परंपरेनुसार बुद्धांच्या मावशी महाप्रजापती गौतमी या पहिल्या भिक्षुणी. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने श्रीलंकेत भिक्षुणीसंघ स्थापन केला. मात्र अकराव्या शतकाच्या सुमारास तो लोप पावला. विनयाच्या नियमांप्रमाणे स्त्रीला उपसंपदा, म्हणजेच पूर्ण दीक्षा, देण्यासाठी भिक्षू व भिक्षुणी या दोन्ही संघांची आवश्यकता असते. भिक्षुणीच उरल्या नाहीत, तर नवी भिक्षुणी घडणार कशी? या पेचामुळे तेथील साधिका आयुष्यभर व्रतस्थ राहत. पण त्यांना भिक्षुणीचा दर्जा मिळत नसे. साहजिकच शिक्षण, दान आणि मान या बाबतींत त्या मागे पडल्या.

१९८७ मध्ये बोधगया येथे अनेक देशांतील भिक्षुणी व उपासिका एकत्र आल्या. आय्या खेमा, कर्मा लेक्शे त्सोमो व चत्सुमान कबिलसिंग यांच्या पुढाकाराने ‘शाक्यधीता’ ही संघटना स्थापन झाली. शाक्यधीता म्हणजे बुद्धांची कन्या.

पेचाचे उत्तर इतिहासातच दडलेले होते. पाचव्या शतकात श्रीलंकेच्या भिक्षुणींनी चीनमध्ये जाऊन तेथील स्त्रियांना उपसंपदा दिली होती. ती परंपरा पूर्व आशियात टिकून राहिली. तिच्याच आधारे १९९६ मध्ये सारनाथ येथे कोरियन संघाच्या साहाय्याने श्रीलंकेतील १० स्त्रियांनी उपसंपदा घेतली. १९९८ मध्ये बोधगया येथे तैवानच्या संघाने असाच सोहळा घडवून आणला. पूर्व आशियातील विनयशाखा वेगळी असल्याने अनेक थेरवादी भिक्षूंनी या दीक्षेस आक्षेप घेतला. चत्सुमान यांनी २००३ मध्ये श्रीलंकेत उपसंपदा घेऊन ‘धम्मनंदा’ हे नाव धारण केले. परंतु थायलंडच्या अधिकृत संघाने त्यांना मान्यता दिलेली नाही. तिबेटी परंपरेतही बदल घडत आहे. २०१६ मध्ये २० साध्वींना ‘गेशेमा’ ही धर्मशास्त्रातील सर्वोच्च पदवी मिळाली, तर २०२२ मध्ये भूतानमध्ये १४४ स्त्रियांना उपसंपदा देण्यात आली.

या स्त्रियांनी धर्म नाकारला नाही. धर्माने आरंभी दिलेला अधिकारच त्यांनी नियमांचा अभ्यास करून परत मागितला. म्हणूनच समतेच्या लढ्यात ज्ञान हेही एक साधन असते, हे त्यांच्या वाटचालीतून दिसून येते.

स्वाध्याय
१. भिक्षुणीसंघ पुन्हा सुरू करण्यात कोणती अडचण होती?
२. ‘पेचाचे उत्तर इतिहासातच दडलेले होते’ हे विधान स्पष्ट करा.