मऊ केसांचा आफ्रिकन उंदीर : माणसाळवण्याची मेहनत आणि धंद्याचा हिशेब

कापडाच्या व्यापाऱ्याला उंदराचे नावसुद्धा नकोसे असते. घडी घातलेल्या ताग्याला उंदराने एकाच ठिकाणी दात लावला तरी भोक घडीघडीत उतरते आणि सबंध तागा कटपीसच्या भावाने काढावा लागतो. तरीही आज आम्ही या पानावर उंदराचाच विषय घेत आहोत. अमेरिकेत आणि युरोपात उंदराची एक आफ्रिकन जात विकत घेऊन, पोसून, हातावर खेळवून पाळली जाते. तिचा लहानसा का होईना, बाजार आहे. या बाजारात माल जिवंत आहे आणि पाळणाऱ्याच्या दृष्टीने मालाची खरी किंमत त्याच्या स्वभावात आहे. हा स्वभाव कसा घडतो, कोण घडवतो आणि घडवला नाही तर काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

हा प्राणी कोणता?

इंग्रजीत याला ‘आफ्रिकन सॉफ्ट फर्ड रॅट’ म्हणतात; शास्त्रीय नाव मॅस्टोमिस. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत शेतांत आणि वस्तीच्या आसपास तो राहतो. धान्य, बिया, किडे हा त्याचा आहार. विक्रेते कधी ‘नातालेन्सिस’ तर कधी ‘कौचा’ अशी जात सांगतात. या दोन जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. आपल्या घरातील छोट्या उंदरापेक्षा तो मोठा आणि गोदामातील मोठ्या उंदरापेक्षा बराच लहान असतो. वजन साधारण ५० ते ८० ग्रॅम. अंगावरची लव मऊ असते, त्यावरूनच हे नाव पडले.

त्याची दुसरी ओळख म्हणजे मादीला असणारे सड. घरातल्या छोट्या उंदराच्या मादीला १० सड असतात, तर हिला १६ ते २४ असू शकतात. निसर्गाने इतके सड दिले ते उगाच नव्हे. सुमारे २३ दिवसांत ती विते आणि एका वेताला दहाच्या आसपास, कधी त्याहून पुष्कळ जास्त पिल्ले होतात. आयुष्य दोन-तीन वर्षांचे. हिशेब करून पाहा. एका मादीने वर्षात फक्त ८ वेळा १० पिल्ले दिली तरी आकडा ८० होतो, आणि त्यांतल्या माद्या दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्याच्या वयात येतात. म्हणून पाळणाऱ्याने चौथ्या आठवड्यातच नर-मादी वेगळे केले पाहिजेत.

शेतातून प्रयोगशाळेत, तेथून बाजारात

हा प्राणी माणसाच्या पिंजऱ्यात आला तो शौकासाठी नव्हे. दक्षिण आफ्रिकेत १९३९ च्या सुमारास प्लेगच्या संशोधनासाठी त्याची पैदास सुरू झाली. पुढे इतर देशांतल्या प्रयोगशाळांनीही तो घेतला. आपल्या लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत हत्तीरोगाच्या जंतूवर औषधे तपासण्यासाठी याच मॅस्टोमिसचा उपयोग झाला आहे. ज्या जनावराचे नाव बहुतेक वाचक आज प्रथमच ऐकत असतील, त्याचे आपल्यावर असे उपकार आहेत.

बाजारात तो आला तो सापांच्या निमित्ताने. अमेरिकेत ‘बॉल पायथन’ नावाचा अजगर पाळण्याचा मोठा शौक आहे. हा अजगर मुळात पश्चिम आफ्रिकेचा. पुष्कळदा तो साधा उंदीर खायचे नाकारतो, पण हा आफ्रिकन उंदीर समोर आला की खातो. त्यामुळे अजगराचा खुराक म्हणून याची पैदास वाढली. पैदास करता करता काही लोकांना हेच जनावर चपळ, चौकस आणि पाहण्यासारखे वाटले, आणि खुराकाचा माल पाळीव प्राण्यांच्या यादीत जाऊन बसला.

खानदानाचा फरक

नव्या माणसाची फसगत होते ती येथेच. दुकानातला पांढरा किंवा ठिपक्यांचा पाळीव उंदीर पाहून तो समजतो की हाही तसाच असेल. तसे नाही. साध्या पाळीव उंदराच्या पाठीशी दीडशेहून अधिक वर्षांची निवड आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. पकडलेल्या उंदरांतले वेगळ्या रंगाचे तो मारत नसे. त्यांची पैदास करून शौकिनांना विकत असे. तेव्हापासून पिढ्यान्पिढ्या लोकांनी शांत उंदीर ठेवले आणि चावरे वगळले.

मऊ केसांच्या उंदराला ही संधी मिळालेली नाही. प्रयोगशाळेने त्याच्याकडून प्रयोग घेतले, सापवाल्यांनी संख्या घेतली. स्वभावाची निवड कोणी केली नाही, केली तर अगदी अलीकडे आणि थोड्या लोकांनी. म्हणून तो दचकतो, उडी मारतो, कोंडीत सापडला की चावतो. यात त्याच्या जातीचा खोटेपणा नाही. ज्याची तरबियत झाली नाही त्याच्याकडून अदब कशी मागावी?

घर आणि खुराक

एकटा उंदीर कधी ठेवू नये. हा कळपाचा प्राणी आहे. एका घरात वाढलेली दोन-तीन भावंडे एकत्र राहतात. मोठ्या वयाचा परका उंदीर त्यांच्यात सोडला तर मात्र जिवावर बेतेल अशी मारामारी होते. म्हणून जोडी लहानपणीच घ्यावी.

प्लॅस्टिकचा पिंजरा कामाचा नाही, तो कुरतडून बाहेर येतो. काचेची टाकी आणि तिच्यावर बारीक, घट्ट लोखंडी जाळीचे झाकण उत्तम. तळाशी कागदाचा लगदा किंवा राळ नसलेल्या लाकडाचा भुसा जाड थराने पसरावा, कारण त्याला खणायला आवडते. देवदार किंवा चीडसारख्या उग्र वासाच्या लाकडाचा भुसा फुप्फुसांना वाईट. पुठ्ठ्याची खोकी, कुरतडायला लाकूड आणि पळायला बिनफटीचे चाक द्यावे. पाण्याच्या बाटलीची नळी स्टीलची असावी. खाण्यात उंदरांसाठी तयार केलेल्या गोळ्या मुख्य; जोडीला थोडे धान्य, थोडी भाजी. सूर्यफुलाचे बी त्याला फार आवडते, पण ते बक्षिसासाठी राखून ठेवावे. टाकी सावलीत आणि हवेशीर जागी असावी.

माणसाळवण्याची रीत

१) वय. पिल्लांचे डोळे दोन आठवड्यांच्या सुमारास उघडतात. पैदास करणाऱ्याने तेव्हापासून दूध तुटेपर्यंत त्यांना रोज थोडा वेळ हातात घेतले, तर अर्धे काम झाले. त्या वेळी आईला बाजूला खाण्यात गुंतवावे. पिल्लांजवळची मादी हात पाहून चावते, आणि तो तिचा हक्क आहे.

२) पहिले दिवस. नवा उंदीर घरी आणल्यावर तीन-चार दिवस हात लावू नये. खाणे-पाणी ठेवावे, हळू बोलावे, टाकीवर ठोकू नये.

३) वास. उंदराची ओळख नाकाने होते. आपण दिवसभर वापरलेल्या सुती कापडाचा तुकडा टाकीच्या झाकणावर ठेवावा. आपला वास हा धोक्याचा वास नाही, हे त्याला कळू लागते.

४) दाणा. प्रथम चमच्याने, मग उघड्या तळहातावर. जाळीतून बोटाने कधी भरवू नये. जाळीतून जे येईल त्याला दात लावायचे अशी सवय लागते.

५) उचलणे. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नये, घारही तशीच येते. दोन्ही तळहातांची ओंजळ करून खालून उचलावे. शेपटीला धरू नये, शेपटीची कातडी सोलून निघू शकते. सुरुवातीला जमिनीवर बसूनच हाताळावे, कारण उडी ठरलेलीच.

६) वेळ. हे जनावर रात्री जागते. संध्याकाळनंतर रोज दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. रविवारी दोन तास आणि बाकी आठवडा सुट्टी, असे येथे चालत नाही.

७) चावा. चावला तर ओरडू नये, झटकू नये, मारू नये. हात स्थिर ठेवून त्याला शांतपणे खाली ठेवावे. मारले तर त्याची भीती पक्की होते. जखम साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

येथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. परदेशात हौशी लोक उंदराला अंगावर बाळगण्यासाठी कापडाची छोटी थैली शिवतात. तिच्यात बसून तो माणसाच्या वासाला आणि हालचालीला सरावतो. थैलीला मागावर विणलेले साधे कापड वापरले तर कापलेल्या कडेचे दोरे सुटतात. सुटलेला दोरा पायाला गुंडाळला की रक्त थांबते आणि पाय जातो. म्हणून जाणकार पोलर फ्लीस घेतात. त्याची वीण होजिअरीची आणि वर लव काढलेली, त्यामुळे कड उसवत नाही. मात्र हा उंदीर फ्लीससुद्धा कुरतडतो. थैली हाताळण्यापुरती वापरावी, टाकीत सोडू नये.

इतके करूनही प्रत्येक उंदीर खांद्यावर बसणारा होत नाही. काही फक्त हातावरचा दाणा घेण्यापर्यंत येतात आणि तेथेच थांबतात. त्यांना पाहण्यात समाधान मानावे, जबरदस्ती करू नये.

रोगाची बाजू

हीच जात रानात असताना धोक्याची आहे, हे लपवून चालणार नाही. १९६९ मध्ये नायजेरियातील लासा गावावरून ज्याला नाव मिळाले तो लासा ताप पश्चिम आफ्रिकेत या उंदराच्या मूत्र-विष्ठेतून पसरतो. पाळीव बाजारातला माल पिंजऱ्यात पिढ्यान्पिढ्या वाढलेला आहे, रानातला नव्हे. हा फरक हाच या धंद्याचा पाया आहे.

पाया ढासळला की काय होते ते २००३ मध्ये अमेरिकेने पाहिले. त्या वर्षी एप्रिलमध्ये घानाहून टेक्सासला सुमारे ८०० लहान प्राण्यांचा माल उतरला. त्यात आफ्रिकन उंदरांच्या अनेक जाती होत्या. त्यांतल्या काहींकडून मंकीपॉक्सचा रोग व्यापाऱ्याकडे शेजारी ठेवलेल्या ‘प्रेअरी डॉग’ या खारीच्या जातीच्या प्राण्यांना लागला आणि त्यांच्यामार्फत ग्राहकांच्या घरी पोचला. सहा राज्यांत ४७ माणसे आजारी पडली. मृत्यू कोणाचा झाला नाही, पण त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने आफ्रिकेतून येणाऱ्या सर्व उंदीरवर्गीय प्राण्यांच्या आयातीवर बंदी घातली. ती आजही कायम आहे. दोन प्रकारचा माल एका छपराखाली ठेवला आणि कोठून आला ते विचारले नाही, एवढ्याने सबंध धंद्याचे दार बंद झाले. आज अमेरिकेत जो उंदीर विकला जातो तो तेथेच जन्मलेला असावा लागतो. कॅलिफोर्निया आणि हवाई या राज्यांत तर तोही पाळता येत नाही.

आपल्यासाठी काय?

आपल्या देशात परदेशी जिवंत जनावर आणायचे तर केंद्र सरकारचा परवाना आणि क्वारंटाइनची तपासणी लागते. बाजारात कोणी टोपलीत उंदीर दाखवून ‘आफ्रिकन आहे’ म्हणाला तर कागद मागावेत; कागद नसतील तर पुढे चालू लागावे. हा लेख वाचून गोदामातला उंदीर माणसाळवण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये. रानटी उंदरापासून होणारा लेप्टो मुंबईने २००५ च्या महापुरानंतर चांगलाच अनुभवला आहे.

आपल्या कोकणी बांधवांची पुष्कळ घराणी शंभर वर्षांहून अधिक काळ दक्षिण आफ्रिकेत आहेत. अनेकांची मुले-नातवंडे इंग्लंड-अमेरिकेत आहेत. तेथे मुलांनी हा प्राणी पाळायचा हट्ट धरला तर वडीलधाऱ्यांनी विकणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत. याचे आई-बाप पिंजऱ्यात जन्मलेले आहेत का? पिल्लांना लहानपणी कोणी हातात घेतले होते का? आई-बाप चावरे आहेत का? आणि आपल्या गावच्या कायद्यात हा पाळता येतो का? पाचवा प्रश्न स्वतःला विचारावा : तीन वर्षे रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे आपण देऊ का? हात धुण्याची शिस्त पाळू का, टाकी स्वयंपाकघरापासून आणि तान्ह्या मुलापासून दूर ठेवू का?

व्यापारी म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. जो विक्रेता पिल्लांवर मेहनत न करता ‘शांत आहे, घेऊन जा’ म्हणतो, तो ग्राहकाला चावा विकतो आणि जनावराला फेकून देण्याच्या वाटेवर धाडतो. कापडाचा खोटा माल परत घेता येतो, गाठ जागेवर येते. हातातून उतरलेले जिवंत जनावर मात्र परत येत नाही. त्याला कोणी रस्त्यावर सोडतो, कोणी सापापुढे टाकतो. म्हणून या धंद्यात उतरणाऱ्याने आधी संख्या कमी ठेवावी, चावऱ्यांची पैदास थांबवावी, प्रत्येक जोडीची नोंदवही ठेवावी आणि एकेक पिल्लू हातावर तयार करूनच विकावे. नफा थोडा होईल, पण ग्राहक दुसऱ्यांदा त्याच दारात येईल.