कुठेतरी, या ठिकाणी, माध्यमातून

प्रश्न : वृत्तवाहिन्यांवर ‘या ठिकाणी’, ‘कुठेतरी’, ‘च्या माध्यमातून’ ऐकून कान किटले. आता नातूही तसंच बोलतो. हे मराठी चुकीचं आहे का?
– एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : व्याकरण चुकत नाही, सवय चुकते. थेट प्रक्षेपणात वार्ताहराला न थांबता बोलावं लागतं. पुढचं वाक्य जुळेपर्यंत ‘या ठिकाणी’ वेळ मारून नेतं. ते मी माफ करतो.

‘कुठेतरी’ मात्र लबाड आहे. ‘प्रशासन कुठेतरी कमी पडलं’ म्हटलं की टीका केल्याचं समाधान मिळतं आणि नेमकं कुठे, ते सांगावं लागत नाही. मुलाखत घेणाराही विचारत नाही!

‘माध्यमातून’ने तर विभक्तीच गिळली. ‘योजनेतून मदत मिळाली’ एवढं पुरे असताना ‘योजनेच्या माध्यमातून’ कशाला? उद्या पावसाच्या माध्यमातून पूर येईल.

सगळ्याच नव्या शब्दांवर राग नको. सावरकरांनी सुचवलेले ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ही कधीकाळी नवेच होते.

नातवाला व्याख्यान देऊ नका. तो ‘कुठेतरी’ म्हणाला की फक्त विचारा, ‘कुठे रे?’