जुन्या वडाचे मोजमाप

आपल्या बहुतेक गावांत एखादे तरी झाड असे असते की, त्याचा मोठेपणा सांगताना लोक अंकांचा आश्रय घेत नाहीत. विहिरीची खोली जशी परसांत सांगावी, तसा खोडाचा घेर कवेने सांगतात. ‘सहा माणसांच्या कवेत मावत नाही’, एवढे म्हटले की ऐकणाऱ्याचे समाधान होते. माप म्हणून ही पद्धत अगदीच टाकाऊ नाही. परंतु चौथीतील मुलाची कव व तालमीतल्या पैलवानाची कव एक नव्हे. देवगाव रंगारी परिसरातील शाळांनी आपापल्या गावातील सर्वांत जुने झाड मोजून त्याची नोंद ठेवावी, या हेतूने हा पाठ दिला आहे.

आरंभी मुलांना विचारावे: सर्वांत मोठे झाड कोणते म्हणावे? उंचीने पाहिले तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतातला एक रेडवूड वृक्ष सुमारे ११६ मीटर उंच आहे. लाकडाच्या घनफळाने पाहिले तर तेथलाच ‘जनरल शर्मन’ हा वृक्ष पहिला येतो. त्याचे घनफळ सुमारे १,४८७ घनमीटर भरते. घेराने पाहिल्यास मेक्सिकोतील तुले येथील वृक्ष घ्यावा लागतो. आणि विस्तार पाहावा तर मान आपल्या वडाकडे येतो. आंध्र प्रदेशात कदिरीजवळ असलेल्या ‘थिम्मम्मा मर्रिमानु’ या वडाची नोंद १९८९ साली गिनीज बुकात झाली. त्याचा विस्तार १९,१०७ चौरस मीटर नोंदला गेला. तेव्हा काय मोजले हे सांगितल्याशिवाय ‘सर्वांत मोठे’ या शब्दांना अर्थ राहत नाही.

वडाच्या बाबतीत तर खोडाचा घेर फसवा ठरतो. हावडा येथील वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशीने पोखरले गेले आणि १९२५ साली ते काढून टाकावे लागले. आज तो वृक्ष मूळ खोडाशिवाय, हजारो पारंब्यांच्या आधारावर उभा असून त्याचा विस्तार सुमारे १.८९ हेक्टर आहे. केवळ खोडाचीच नोंद ठेवली असती, तर कागदावर हा वृक्ष १९२५ सालीच संपला असता!

आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यातील पेमगिरी येथे असाच महावटवृक्ष आहे. त्याचा विस्तार सुमारे साडेतीन एकर सांगितला जातो. हा आकडा मुलांनी नुसता पाठ करू नये, तर तो ताडून पाहावा. साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे, म्हणजेच सुमारे १४,१६० चौरस मीटर. झाड गोलाकार पसरले आहे असे मानले, तर त्याचा सरासरी व्यास सुमारे १३४ मीटर यावयास हवा. सहलीच्या निमित्ताने पेमगिरीस जाणाऱ्या शाळेने लांब फीत बरोबर न्यावी.

आता प्रत्यक्ष कृती. घेर जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साडेचार फूट उंचीवर घ्यावा. वनखात्यातही घेर याच उंचीवर घेतात. सुतळी ताणली जाते, म्हणून फीत वापरावी. ती चारही बाजूंनी समपातळीत आहे की नाही हे चार मुलांनी पाहावे. उतारावरील झाडाची उंची चढाच्या बाजूने धरावी. झाडाला पार बांधलेला असल्यास मोजणी पाराच्या फरशीपासून न करता मूळ जमिनीपासून करावी. खोडाला पारंब्या चिकटून एकजीव झाल्या असतील, तर घेर त्यांच्यासह घेतला असे स्पष्ट लिहावे.

उंचीसाठी सावलीची रीत सर्वांस ठाऊक आहे. एक मीटर काठीची सावली ८० सेंटीमीटर पडली व त्याच वेळी झाडाची १२ मीटर पडली, तर उंची १५ मीटर. ही रीत ताडमाडाला उत्तम. वडाला मात्र ती जपून लावावी, कारण सावलीचे टोक शेंड्याचे नसून बाहेर झुकलेल्या फांदीचे असू शकते. पुष्कळ शिक्षक येथे मुलांना थांबवीत नाहीत, आणि वड नीलगिरीहून उंच ठरतो.

खरे काम विस्ताराचे. खोडापासून आठ दिशांना फांद्यांच्या टोकापर्यंत जावे. टोक नेमके डोक्यावर आहे का, हे पाहण्यासाठी गवंड्याचा ओळंबा काठीला बांधून वर धरावा. त्याखाली खुंटी रोवून खोडाच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्यावे. आठही अंतरे आलेख कागदावर मांडून बिंदू जोडावेत व आतील चौकोन मोजावेत. वरच्या वर्गांनी वर्तुळाच्या सूत्राने पडताळा घ्यावा: सरासरी व्यास २८ मीटर असेल तर विस्तार ६१६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे सहा गुंठे. शेतकऱ्याच्या मुलाला चौरस मीटरापेक्षा गुंठा लवकर डोळ्यांसमोर येतो. जमिनीत रुजलेल्या पारंब्या वेगळ्या मोजाव्यात. लोंबत्या पारंब्यांना झोके घेऊन त्या तोडल्या, तर उद्याचे खांबच नाहीसे होतात, हे त्याच वेळी दाखवावे.

वयाविषयी संयम बाळगावा. सागाची वर्तुळे मोजता येतात. वडाची तशी भरवशाने मोजता येत नाहीत, आणि घेरावरून काढलेले वय पाण्या-मातीप्रमाणे बदलते. ‘पाचशे वर्षांचा वड’ असे फलकावर लिहिण्यापूर्वी जुने दस्तऐवज शोधावेत. ते नसल्यास गावातील वृद्धांची आठवण ‘आठवण’ म्हणूनच नोंदवावी.

ही नोंद कोणाच्या उपयोगी? २०२१ साली राज्याने पन्नास वर्षांवरील झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून संरक्षण देणारी तरतूद केली. पण तो कायदा नागरी क्षेत्रांसाठी आहे. रस्ता रुंद होताना खेड्यातील वड पडला, तर त्याचे माप कोठेही लिहिलेले नसते. म्हणून दिनांक, मोजणाऱ्या वर्गाचे नाव, वापरलेली साधने, आठही अंतरे व आलेख एका वहीत ठेवावा. दोन गटांच्या मापांत फरक आला, तर दोन्ही मापे लिहावीत. सोयीची एक निवडू नये. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी आणि पाच वर्षांनी त्याच उंचीवर, त्याच दिशांना पुन्हा फीत लावावी.