बाळंतपणानंतरचे संरक्षण : माता व बालकाचा हक्क

बाळंतपण सुखरूप पार पडले की घरातील माणसे निर्धास्त होतात. परंतु अतिरक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे धोके मातेला प्रसूतीनंतरही संभवतात. म्हणूनच प्रसूतीनंतरचे ४२ दिवस मातेच्या दृष्टीने आणि जन्मानंतरचे पहिले २८ दिवस बालकाच्या दृष्टीने जोखमीचे मानले जातात. या काळातील उपचारांचा भार कोणी उचलावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याची वाटचाल

मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूती लाभ कायदा झाला. विधिमंडळात या विधेयकास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला होता. पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा व १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. मात्र या तरतुदींचा लाभ मुख्यतः नोकरदार स्त्रीपुरताच राहिला. शेतमजूर स्त्री त्यांच्या कक्षेबाहेरच राहिली.

विम्याविना संरक्षण

ही उणीव भरून काढण्यासाठी १ जून २०११ रोजी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. यात हप्ता भरावा लागत नाही. शासकीय रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या व रक्त विनामूल्य मिळते. साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस व शस्त्रक्रियेनंतर सात दिवस आहार, तसेच घरी परतण्यासाठी वाहन देय आहे. आजारी नवजात बालकाच्या मोफत उपचारांची मुदत प्रथम ३० दिवस होती. ती पुढे एक वर्षापर्यंत वाढविण्यात आली. खाजगी विमा असलेल्या कुटुंबांनी मात्र बाळाचे नाव पॉलिसीत वेळेवर नोंदवावे.

घरापर्यंत सेवा

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देऊन बालमृत्यू घटविता येतात, हे सिद्ध केले. या अनुभवाच्या आधारे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती घरी येऊ लागली. रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी तिची भेट अपेक्षित आहे.

आपले कर्तव्य

हक्क माहीत नसेल तर तो कागदावरच राहतो. ग्रामपंचायत सदस्यांनी या सवलती ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात आणि शिक्षकांनी पालकसभेत त्या समजावून सांगाव्यात. देय सेवेसाठी पैसे मागितले गेल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करण्यास कुटुंबाला साहाय्य करावे. उपचाराच्या खर्चाच्या धास्तीने ताप आलेली बाळंतीण वा दूध न ओढणारे बाळ घरीच राहू नये, एवढी दक्षता प्रत्येक गावाने घेतली पाहिजे.