काचेपासून कवचापर्यंत : आतून रंगविण्याची रीत

कोणतीही वस्तू रंगविताना रंगांचे थर कोणत्या क्रमाने द्यावयाचे, हा प्रश्न सामान्यतः आपल्या मनात येत नाही. आधी अस्तर, मग मुख्य रंग आणि शेवटी बारीक रेघा, हा क्रम आपण गृहीत धरून चालतो. परंतु हा क्रम सर्वत्र लागू पडत नाही. काही वस्तू अशा आहेत की ज्यांच्या बाबतीत तो संपूर्णपणे उलटा करावा लागतो. रेडिओच्या साहाय्याने दुरून चालविल्या जाणाऱ्या छोट्या मोटारगाडीचे पारदर्शक कवच ही अशीच एक वस्तू होय. या कवचावर स्वतःच्या कल्पनेतील नक्षी कशी रंगवावी, हा या पाठाचा विषय आहे. त्याचे मर्म समजून घेण्यासाठी मात्र आपण प्रथम तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात जाणार आहोत. कारण रंगकामाच्या या दोन्ही रीती तेथे फार पूर्वीपासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

एका प्रदेशातील दोन रीती

तंजावर आणि कुंभकोणम या दोन शहरांच्या दरम्यान, कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीच्या प्रदेशात पापनाशम हे गाव वसलेले आहे. या भागातील अनेक घरांत नवरात्रामध्ये पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडण्याची प्रथा आहे. तिला ‘कोलू’ म्हणतात. या मांडणीत मान डोलविणारी तंजावरची बाहुली हटकून दिसते. कागदाचा लगदा, माती यांसारख्या साध्या पदार्थांची ही बाहुली बाहेरून रंगवितात. प्रथम पृष्ठभाग गुळगुळीत करून अस्तर द्यावयाचे, त्यावर वस्त्रांचे व अंगाचे रंग भरावयाचे आणि अखेरीस भुवया, डोळे, दागिने रेखावयाचे. रेघ चुकली तर ती पुसता येते; न पुसली गेली तर तिच्यावर पुन्हा रंग चढविता येतो.

दुसरी रीत काचचित्रांची. व्यंकोजीराजे यांनी 1676 च्या सुमारास स्थापन केलेले भोसल्यांचे राज्य तंजावरात 1855 पर्यंत टिकले. त्यांपैकी दुसरे सरफोजीराजे यांची कारकीर्द 1798 ते 1832 अशी होती. याच काळात तेथे काचेवरील चित्रकला भरभराटीस आली. काचेच्या मागील बाजूने चित्र रंगविण्याची ही पद्धती अठराव्या शतकात चीनशी होणाऱ्या सागरी व्यापाराबरोबर भारतात पोहोचली होती. तंजावरच्या चित्रकारांनी ती आत्मसात करून रामपट्टाभिषेक, बालकृष्ण आणि राजपुरुषांची चित्रे त्या पद्धतीने काढली.

काचचित्र पाहणारा काचेच्या एका बाजूस असतो व चित्रकार दुसऱ्या बाजूस. त्यामुळे प्रेक्षकाला जे सर्वांत पुढे दिसावयास हवे, ते चित्रकाराला सर्वांत आधी रंगवावे लागते. डोळ्याची बाहुली प्रथम, तिच्यामागे डोळ्याचा पांढरा भाग, त्यामागे चेहऱ्याचा रंग आणि सर्वांत शेवटी पार्श्वभूमी. बाहुलीचा कारागीर ज्या डोळ्यांनी काम संपवितो, त्याच डोळ्यांपासून काचेचा चित्रकार प्रारंभ करतो. येथे चूक झाकण्यास वाव नाही. कारण नंतर दिलेला प्रत्येक थर आधीच्या थराच्या मागे जातो. दागिन्यांची जागा मोकळी सोडून तिच्यामागे सोनेरी वा रुपेरी वर्ख लावण्याची युक्तीही हे चित्रकार योजीत असत. ही युक्ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती आपल्या उपयोगी पडणार आहे.

कवचाचे दोन प्रकार

आता आपण मोटारगाडीकडे वळू. जपानमधील शिझुओका येथील तामिया या कंपनीने 1976 मध्ये पोर्श 934 या गाडीची एक बारांश आकाराची रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती बाजारात आणली आणि या छंदाचा प्रसार झपाट्याने झाला. तिचे कवच कठीण, अपारदर्शक प्लॅस्टिकचे होते व ते बाहेरूनच रंगवावयाचे होते. म्हणजे ही तंजावरच्या बाहुलीची रीत झाली.

शर्यतीच्या गाड्यांसाठी मात्र हलक्या आणि आघात सोसणाऱ्या कवचाची आवश्यकता असते. ती पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकने भागविली. 1953 मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत हेरमान श्नेल यांनी आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डॅनियल फॉक्स यांनी ते स्वतंत्रपणे तयार केले. त्याचा पातळ, पारदर्शक पत्रा तापवून साच्यावर ओढला की गाडीचे कवच तयार होते. एक दशांश आकाराच्या गाडीसाठी असे कवच सुमारे 190 मिलिमीटर रुंद असते. आदळले असता ते फुटत नाही, वाकून पूर्ववत होते. परंतु बाहेरून दिलेला रंग पहिल्याच घसरणीत खरवडून निघेल. म्हणून ते आतून रंगवितात. ओरखडे प्लॅस्टिकवर पडतात. रंग त्याच्या आड सुरक्षित राहतो. म्हणजे ही काचचित्राची रीत होय.

या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. रंग काचेत मुरत नाही. तो केवळ तिला चिकटून राहतो. म्हणूनच दमट हवेत जुन्या काचचित्रांचे पोपडे सुटतात आणि कित्येक चित्रे अशा रीतीने कायमची नष्ट झाली आहेत. पॉलिकार्बोनेटसाठी तयार केलेल्या खास रंगांतील द्रावक मात्र प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाला किंचित मऊ करतो व त्यामुळे रंगाची पकड पक्की होते. साधा तैलरंग वापरल्यास कवच वाकताच त्याच्या खपल्या पडतील.

प्रत्यक्ष कृती

प्रथम कवच आतून सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे. साच्यातून सुटण्यासाठी वापरलेला स्निग्ध पदार्थ व बोटांचे डाग राहिल्यास तेथे रंग धरत नाही. खिडक्यांच्या जागा आतून चिकटपट्टीने झाकाव्या. कवचाच्या बाहेरच्या बाजूस पातळ संरक्षक पापुद्रा असतो. तो काम संपेपर्यंत काढू नये. किंबहुना नक्षीचा आराखडा त्याच्यावरच काढावा. मग आतून पाहिले असता त्या रेषा पारदर्शक प्लॅस्टिकमधून दिसतात आणि त्यांना अनुसरून झाकण करता येते.

झाकण करण्यासाठी चिकटपट्टी किंवा रबरासारखा वाळणारा द्रव वापरतात. हा द्रव कुंचल्याने अनेक थरांत लावून वाळू द्यावा व धारदार पात्याने रेषेबरहुकूम कापावा. पात्याचा दाब केवळ रबर कापण्यापुरताच हवा. प्लॅस्टिकवर चर पडल्यास पुढे आघाताच्या वेळी त्याच ठिकाणी तडा जातो.

समजा, पांढऱ्या कवचावर काळ्या रेघांनी वेढलेला लाल-पिवळा मोर काढावयाचा आहे. प्रथम काळ्या रेघांच्या जागेवरील झाकण सोलून काळा रंग फवारावा. तो वाळल्यावर लाल भाग उघडा करून लाल, मग पिवळा आणि शेवटी उरलेले झाकण काढून सर्वत्र पांढरा रंग द्यावा. गडद रंग आधी व फिका नंतर, हा येथील मूलभूत नियम आहे. फिक्या रंगामागे गडद रंग गेल्यास तो बाहेरून सावलीसारखा दिसतो. गडद रंगामागे गेलेला फिका रंग दिसत नाही. भडक, चकाकणारे नारिंगी वा पोपटी रंग पुरेसे अपारदर्शक नसतात. त्यांच्यामागे पांढऱ्याचा थर असल्यावाचून ते उठून दिसत नाहीत.

मोराला सोनेरी पिसारा हवा असल्यास काचचित्रकारांची युक्ती आठवावी. पारदर्शक पिवळ्या रंगाचा थर देऊन त्याच्यामागे रुपेरी रंग फवारावा. बाहेरून पाहणाऱ्यास तेथे सोने झळकताना दिसते.

डाव्या-उजव्याचा विचारही आवश्यक आहे. दोन्ही दारांवरील मोरांची तोंडे गाडीच्या पुढील बाजूस हवी असतील, तर झाकणाचे दोन कागद समोरासमोर ठेवून एकदम कापावेत. म्हणजे परस्परांची प्रतिबिंबे असणारी जोडी मिळते. अक्षरे व आकडे यांना मात्र हा उपाय चालत नाही. ती दोन्ही बाजूंस सारखीच वाचली जावयास हवीत. म्हणून त्यांची झाकणे उलटी, परंतु दोन्ही एकाच दिशेची कापावी लागतात.

हवेचाही विचार करावा. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, पापनाशमच्या आसपासची हवा अत्यंत दमट असते. अशा हवेत फवारलेल्या रंगावर बाष्प बसून तो पांढुरका पडतो. त्यासाठी कोरडा दिवस निवडावा, जाड थर एकदम न देता पातळ थर अनेक वेळा द्यावेत आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. खोलीत हवा खेळती ठेवावी व नाकातोंडावर योग्य मुखवटा लावावा. कारण या रंगांतील वाफा आरोग्यास अपायकारक असतात.

हाताचे काम आणि छापील चित्र

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वस्त छापील चित्रे बाजारात आली. राजा रविवर्मा यांचा मुंबईतील छापखाना 1894 चा. घरोघरच्या भिंतींवर छापील देवदेवता विराजमान झाल्या आणि काचचित्रांची मागणी ओसरत गेली. आज मोटारगाडीच्या कवचांसाठीही छापील चिकटचित्रे आणि कारखान्यातून रंगवून आलेली कवचे मिळतात. ती सुबक असतात. तरीही त्यांवरील नक्षी दुसऱ्याने ठरविलेली असते आणि चिकटचित्र कवचाच्या बाहेर बसत असल्याने घसरणीत तेच प्रथम फाटते.

आतून रंगविण्याच्या रीतीचे खरे मोल मात्र टिकाऊपणापेक्षा तिने लावलेल्या शिस्तीत आहे. बाहेरून रंगविणाऱ्याला काम करता करता विचार बदलता येतो. आतून रंगविणाऱ्याला पहिला थेंब उडविण्यापूर्वीच संपूर्ण चित्र मनात पूर्ण करून, ते शेवटापासून आरंभापर्यंत उलगडावे लागते. म्हणून नवशिक्याने कवच हाती घेण्याआधी एका कागदावर आपल्या नक्षीतील रंगांची यादी करावी, प्रेक्षकाच्या डोळ्याला जो थर सर्वांत जवळ त्यास पहिला क्रमांक द्यावा आणि यादी पुरी झाल्यावाचून रंगाची डबी उघडू नये. तंजावरच्या काचचित्रकारासमोर बालकृष्णाचे डोळे रेखताना जी अट होती, तीच त्याच्याही समोर आहे : जे प्रथम दिसावयाचे, ते प्रथम आणि अचूक झाले पाहिजे.